याऐवजी वापरा

साडेदहाला लाईट येते आणि माझं आकाश उघडतं:
एक लाख चौदा हजार ओळी, आठ रकाने.
सहावा माझा. 'वस्तूचा प्रकार'.

कोणी लिहिलंय दीर्घिका, कोणी सर्पिल दीर्घिका,
कोणी नुसतंच 'दी.', कोणी 'दिर्घिका', दि ऱ्हस्व,
आणि कुठल्याशा डोंगरावर कुडकुडणाऱ्या एकानं
'धूसर. बहुतेक दीर्घिका. ढग होते.'
हे सगळं मी एका शब्दाखाली आणते.
शोधणाऱ्यानं तो शब्द टाकला की सगळ्या याव्यात,
ढगामागचीसुद्धा,
एवढ्यासाठी पगार.
आई दिवसभर सातऱ्यावर मिरचीचे देठ तोडते,
लाल इकडं, फटकी तिकडं.
तिला माझं काम एका वाक्यात कळलं.

यादी कडक आहे. व्यापक संज्ञा, तिच्या पोटात संकुचित,
आणि तिरप्या अक्षरांत: याऐवजी वापरा.
नवतारा नवा नसतो, म्हातारा असतो, भडकलेला.
ग्रहीय तेजोमेघाचा ग्रहाशी काही संबंध नाही,
पहिल्या पाहणाऱ्याला तबकडी वाटली, एवढंच.
चूक सगळ्यांना कळली, पण तोवर नाव रुळलं होतं.
रुळलेली चूक यादीत चालते.

बाबा कोठ्यातून आले, मागं उभे राहिले.
"काय करून रायली वं, इंदुताई?"
"नावं लावते."
"कोनाले?"
मी त्यांना अंगणात नेलं, वर बोट केलं.
"त्याईले तं नावं हायेत न.
थे तिफन. थे बाज, अन् बाजीमांगं थे तीन चोर.
अन् थे पुसट दिसते थे ढोरायची वाट."

आत येऊन शोधपेटीत टाकलं: तिफण.
शून्य नोंदी सापडल्या.
शब्दलेखन तपासा.

मागच्या साली गुरं मोजायला टॅबलेट घेऊन पोरगा आला होता.
बाबा सांगत होते: ही मोरी, ही बांडी,
ही चांदी, कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून,
हिची माय भिवापूरच्या बाजारातली, लाथ मारायची.
पोरगा म्हणाला, जात सांगा. यादीतली.
मग त्यानंच सगळ्यांपुढं एकच दाबलं: अवर्णित.
"अरे, वर्नन तं करून रायलो न मी!"
"रकाना नाही, काका."
संध्याकाळी बाबांनी पाणंदीच्या तोंडाशी हाक दिली, चांदेऽ
अन् अख्ख्या गायकीतून एकच मान वर झाली.

स्वल्पविराम मी कधी हलक्यानं घेत नाही.
दोन नावांमधला एक गळला तर यंत्राला
दोन ताऱ्यांचा एक तारा दिसतो, आणि तो कुठंच सापडत नाही.
'गोंड' आणि 'गोवारी', या दोन शब्दांमध्ये
तो हवा होता की नको,
यावर बाबांचं तारुण्य मोर्चांत गेलं.
ट्रंकेत तो कागद आहे. घडीवर फाटलेला,
नेमका दोन शब्दांच्या मध्ये.

ओळ एकसष्ट हजार दोनशे सात.
प्रकार: प्रश्नचिन्ह. आधीच्यानंही प्रश्नचिन्हच सोडलं होतं,
त्याच्या आधीच्यानंही.
नियम म्हणतो, 'अज्ञात' निवडा.
निवडलं.
पण आठवा रकाना शेऱ्याचा. तो शोधात धरत नाहीत,
म्हणून तिथं कोणी काही बोलत नाही.
तिथं मी लिहिलं:
तिफणीच्या मधल्या फणाखाली, बोटभर.
माहिती: पुंडलिक नेहारे, गायकी.

चार दिवसांनी तपासनीस बाईंचा निरोप:
जागा बरोबर आहे. कशी काढलीत?
'तिफण' मात्र मान्य संज्ञा नाही.
सुचवायची असल्यास अर्ज, नमुना तीन,
सोबत दोन लेखी पुरावे.

बाबांना वाचून दाखवलं.
ते वैरण टाकत होते.
"अर्ज का?" म्हणाले, "मले वाटलंच."
मग थोडं थांबून,
"कागद आन. पन या खेपी
स्वल्पविराम मी सोता पाहीन."